एका गोळीत तीन औषधं आणि रोवणीची टोळी

मोहाडीच्या बाजाराला लागून माझं औषधांचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. मी याद्या करणारी बाई आहे. दुकानात काय संपलं, काय मुदतीबाहेर जाणार, कोणत्या गावच्या कोणत्या माणसाला कोणतं औषध चालत नाही, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात. घरी मुलगी चिडवते, "आईची देवाला मागायची यादीसुद्धा क्रमांक घालून असेल." आहेच.

बाजाराच्या दिवशी खेड्यांवरून लोक येतात आणि भाजीच्या पिशवीत बीपीच्या गोळ्या टाकून जातात. बहुतेक लोक सातच गोळ्या मागतात, या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत. दहाच्या पट्टीतून सात कापून द्यायच्या, तर नाव आणि मुदत नेमकी उरलेल्या तिघींच्या बाजूला राहते. म्हणून मी त्या सात गोळ्या कागदी पाकिटात घालते आणि वर हाताने सगळं लिहून देते. पाकीट घरी जाऊन चुलीत जातं हे मला माहीत आहे. तरी लिहिते.

गोळ्यांची नावं कुणी सांगत नाही. "ते गुलाबी द्या जी", "मागच्या डावची, चपटी". एक आजोबा तर नुसता अंगठा आणि बोट जवळ आणून आकार दाखवायचे. कंपनीने रंग बदलला की माझ्या दुकानात भांडण ठरलेलं.

अशा गिऱ्हाइकांच्या हातात गेल्या काही वर्षांत एक नवी गोष्ट आली, जोडगोळी. एकाच गोळीत दोन किंवा तीन औषधं. लोकांना वाटतं, कंपनीने कंजूषपणा केला किंवा डॉक्टरांनी उपचार कमी केला. तसं नाही. बीपी समजावताना मी शेतातली मोटर, पाइप आणि पाणी सांगते, कारण ते आमच्याकडे सगळ्यांना कळतं. पाइप आवळला किंवा पाणी जास्त झालं की दाब वाढणार. एक औषध पाइपच्या भिंतीतला ताठपणा सोडवतं, ते अम्लोडिपीन. दुसरं, टेल्मिसार्टनसारखं, शरीर पाइपला "आवळून घे" असा जो निरोप पाठवतं, तो पोचूच देत नाही. तिसरं औषध जास्तीचं मीठ आणि पाणी लघवीवाटे काढून टाकतं. एकाच औषधाचा मोठा डोस दिला तर त्याचा त्रासही मोठा होतो. त्याऐवजी दोघातिघांचे लहान डोस एकत्र दिले तर दाब जास्त चांगला उतरतो आणि त्रास कमी होतो. एकट्या अम्लोडिपीनने पाय सुजतात, जोडीला टेल्मिसार्टन असलं की सूज बऱ्याचदा कमी राहते. शिवाय तीन गोळ्या लक्षात ठेवण्यापेक्षा एक लक्षात ठेवणं सोपं.

जोडगोळीचा धोका तिच्या सोपेपणातच आहे. आत किती जण बसलेत ते बाहेरून दिसत नाही.

हे मला पहिल्यांदा नीट कळलं ते तुळशीराम काकांमुळे. काका चिखल्याच्या मँगनीज खाणीत आयुष्यभर जमिनीखाली काम करून निवृत्त झाले आणि मोहाडीला मुलीकडे राहायला आले. त्यांच्या तीन गोळ्या बंद करून डॉक्टरांनी एक जोडगोळी लिहिली. काकांनी ती हातावर उलटीसुलटी करून पाहिली.

"बाई, तीन गोळ्याचं काम एकटी गोळी करून राहिली तं हे गोळी खोटी असन."

"काका, तिच्या पोटातच तिघी आहेत."

"मंग एवढीशी काहून?"

"तुम्ही खाणीत उतरायचे तेव्हा एका पाळण्यात किती माणसं बसायची?"

काका हसले. मला वाटलं पटलं. आठ दिवसांनी बँकेच्या रांगेत बाकावरून उठताना ते तिथेच कोसळले. घरच्या डब्यात जुन्या तीन पट्ट्या शिल्लक होत्या, आणि काका नव्या गोळीबरोबर त्याही रोज घेत होते, म्हणून बीपी एकदम उतरलं. "वाया कायले घालवाच्या?" एवढंच त्यांचं म्हणणं. डोक्याला दोन टाके पडले, बाकी निभावलं. तेव्हापासून माझ्या दुकानात नियम आहे. जोडगोळी सुरू झाली की जुना डबा दुकानात आणायचा, मी तो उघडून बघणार, आणि मग नवी गोळी देणार. त्या दिवसापासून मी बीपीवाल्यांची वेगळी वहीही सुरू केली. नाव, गाव, गोळीच्या आत काय काय, शेवटचं बीपी. ज्यांच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आणि टेल्मिसार्टनसारखं औषध दोन्ही असेल, त्यांच्या नावापुढे लाल खूण. लाल खूण म्हणजे या माणसाला अंगदुखीची गोळी द्यायची नाही.

वही चांगली चालली. लाल खुणेचं माणूस कंबर धरून आलं की मी साधं पॅरासिटामॉल द्यायची आणि डॉक्टरांकडे पाठवायची. डॉक्टरही एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "या बाईंच्या वहीतून कुणी सुटत नाही." मी ते खरं मानलं.

पुष्पाबाईच्या नावापुढे लाल खूण होती. मोहाडीपासून सात-आठ किलोमीटरवरच्या खेड्यातली, पन्नाशीची, धान रोवणारी बाई. माझ्या वहीतली सगळ्यात गुणी पेशंट. एक दिवस गोळी चुकवली नाही, एक बाजार चुकवला नाही. बीपी असं जागेवर बसलेलं की मी इतरांना तिचं उदाहरण द्यायची. मागच्या वर्षी रोवणीचे दिवस येईपर्यंत.

आमच्याकडची रोवणी, म्हणजे धानाची लावणी, बाहेरच्या वाचकाला थोडी सांगायला हवी. पंधरावीस बायकांची टोळी असते. टोळीची एक म्होरकी असते, ती काम ठरवते आणि बायका गोळा करते. पहाटे पिकअप गाडी येते, बायका उभ्याने दाटीवाटीने जातात, कधी तीस किलोमीटरवरच्या गावात. दिवसभर चिखलात पाय आणि कमरेत वाकलेलं अंग. महिना-दीड महिना हेच. पुष्पाबाईच्या टोळीची म्होरकी सुमित्राबाई. तिचा आवाज या बांधीतून, म्हणजे धानाच्या खाचरातून, त्या बांधीत जायचा. ती टोळीसाठी सगळं एकटीच्या नावावर घ्यायची, चहापत्ती, बिस्किटं, पावसात डोक्यावर घ्यायच्या प्लॅस्टिकच्या खोळी आणि अंगदुखीच्या गोळ्या.

"ताई, रोवण्याच्या गोळ्या द्या. अठरा बायका आहेत. संध्याकाळी एकीचीबी कंबर सरळ होत नाही."

मी दिल्या. एकदा नाही, दर आठवड्याला. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, हे मला फार्मसीच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. पण रोवणीत सगळीच दुकानं देतात, आणि मी दिली नाही तर ती पलीकडच्या दुकानात जाईल, असं मी स्वतःला सांगायची. वहीत मी प्रत्येक माणूस तपासत होते. टोळी ही माझ्या वहीत माणूस नव्हती. अठरा जणींच्या गोळ्या सुमित्राबाईच्या नावावर जात होत्या आणि सुमित्राबाईला बीपी नव्हतं.

ऑगस्टच्या एका सकाळी पुष्पाबाईची सून आली. दुकान नुकतंच उघडलं होतं.

"उलट्या थांबाची गोळी द्या जी. सासूले दोन दिवसांपासून ओकाऱ्या येऊन राहिल्या."

"जुलाब?"

"नाही. पायावर सूज आहे. तोंड भरल्यासारखं दिसते."

"लघवी होते?"

ती जरा लाजली. दुकानात दोन पुरुष उभे होते. मी तिला आत, फ्रिजच्या मागे घेतलं.

"काल सकाळी झाली होती म्हणे. मंग नाही."

"बीपीची गोळी घेते?"

"ते तं घेतेच. उलटी झाली तं दुसरी घेतली, पहिली पडून गेली म्हणून."

गुणी पेशंट. गुणीपणाचा हाही अर्थ असतो, हे मला आत्ता कळत होतं. मी विचारलं, "अजून काय घेते?"

"काई नाही. सुमित्राबाई रोज सांजच्याले देते ते फक्त. दोन."

"एक की दोन?"

"दोन. एकीनं काई होत नाही म्हणते."

मी उलटीची गोळी दिली नाही. सुनेला म्हटलं, सुमित्राबाईच्या गोळ्या बंद आणि आजपासून बीपीची गोळीही थांबवा, ती पुढे द्यायची की नाही ते डॉक्टर सांगतील. आणि पुष्पाबाईला गाडीत घालून आत्ता डॉक्टरांकडे आणा. डॉक्टरांना मीच फोन केला. दुपारपर्यंत रक्ताचा अहवाल आला. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं रक्तातली जी घाण बाहेर टाकतात तिचा आकडा, तिचा पूर्वी एकच्या आत असायचा. तो पाचच्या जवळ गेला होता. संध्याकाळी ती भंडाऱ्याला भरती झाली.

काय घडलं ते मी नंतर टोळीच्या बायकांना समजावलं, तसंच इथे सांगते. मूत्रपिंड म्हणजे एक बांधी समजा. तिला पाणी आत येण्याची एक वाट आणि बाहेर जाण्याची एक वाट. पाणी कमी झालं की आपण काय करतो? आत येणारी वाट मोठी करतो आणि बाहेर जाणारी बुजवतो, म्हणजे बांधीत पाणी टिकतं. मूत्रपिंडही अगदी हेच करतं. अंगदुखीची गोळी त्याला आतली वाट मोठी करू देत नाही. टेल्मिसार्टन बाहेरची वाट बुजवू देत नाही. एरवी त्याचा हाच गुण असतो. लघवीचं औषध वरून पाणी कमी करतं. तिन्ही एकदम झालं की बांधी कोरडी पडते. त्यात मूळ पाणीच नसेल तर लवकर पडते.

आणि मूळ पाणी नव्हतंच. पहाटे सहा ते संध्याकाळी सहा या टोळीतली एकही बाई पाणी पीत नव्हती. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून. बांधीत आडोसा नसतो, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मालकाची माणसं, रस्त्यावर गाडीवाला. म्हणून सकाळी घरून निघताना कोरड्या घशाने निघायचं, हे त्यांच्यात इतकं ठरलेलं की कुणी बोलतही नसे. पुष्पाबाईची गोळी तर लघवी वाढवणारी. ती बाकीच्यांपेक्षाही कमी प्यायची.

चौथ्या दिवशी मी भंडाऱ्याला गेले. वॉर्डाच्या दारात सुमित्राबाई उभी होती. टोळी त्या दिवशी गेली नव्हती.

"आल्या काय ताई," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणते, गोळीनं झालं. मले म्हणते, तुमी कायले देल्या. मी म्हटलं, मी काय घरी बनवल्या? तुमीच तं देल्या."

"हो. मीच दिल्या."

ती भांडणाची तयारी करून उभी होती. मी कबूल केल्यावर तिने कमरेवरचे हात खाली घेतले.

"मंग आता? मशीनवर रक्त धुवाव लागन म्हणते. तिचा नवरा दोन सालाआधी गेला. पोरगा पुण्याले. कोण आणन तिले आठवड्यातून तीन डाव भंडाऱ्याले?"

हाच प्रश्न होता. डॉक्टरांनी दोन दिवस थांबायचं ठरवलं होतं. लघवी सुरू झाली तर डायलिसिस नाही, नाहीतर लगेच. पुष्पाबाई पलंगावर बसून होती, चेहरा सुजलेला. मला बघून तिने पदर सावरला.

"ताई, मी एकबी गोळी चुकवली नाही जी."

"माहीत आहे."

"मंग मलेच काहून झालं?"

मी म्हटलं, "सांगते. आधी बरी हो." आणि बाहेर येऊन जिन्यात बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ लिहायला काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेचा फोन आला. ती इतक्या मोठ्याने ओरडत होती की आख्ख्या दुकानाला कळलं, "ताई, झाली! पेशाब झाली! पाव बाटली!" दुकानातला एक गृहस्थ म्हणाला, "अभिनंदन. मुलगा की मुलगी?"

डायलिसिस टळलं. आकडा रोज थोडा थोडा उतरत दीडवर आला आणि तिथे थांबला. डॉक्टरांनी तिची तीन औषधांची जोडगोळी बंद केली. काही दिवस नुसतं अम्लोडिपीन, पुढे तपासण्या बघून बघून दुसरं काय ते. जोडगोळी वाईट म्हणून नव्हे. माझ्या वहीत आजही शंभरावर माणसं तिच्यावर सुखात आहेत, आणि कुणी हे वाचून आपली गोळी बंद केली तर ते मला हवं त्याच्या उलट होईल. गोळी स्वतःहून सोडायची नाही. पण आत काय आहे ते नावानिशी माहीत हवं. उलट्या-जुलाब लागले, पाणी पोटात टिकेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं की ही गोळी आज घ्यायची की थांबवायची, आणि उलटीत पडली म्हणून आपल्या मनाने दुसरी घ्यायची नाही. अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय नाही, मग ती शेजारणीने दिलेली असो की दुकानातल्या ताईने. डॉक्टर सांगतील तेव्हा क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं. घरात दिवस राहिलेली सून असेल आणि तिचं डोकं दुखत असेल तर सासूच्या डब्यातली गोळी तिला मुळीच द्यायची नाही, यातली काही औषधं पोटातल्या बाळाला मोठा अपाय करतात.

रोवण्याच्या गोळ्या मी त्या आठवड्यापासून बंद केल्या. सुमित्राबाई पलीकडच्या दुकानात गेली नाही. तिने मला टोळीसमोर उभं केलं. पुढच्या गावच्या बांधीत, जेवणाच्या सुट्टीत मी मूत्रपिंडाची गोष्ट सांगितली. अठराजणींपैकी पाच जणी बीपीवाल्या निघाल्या. माझ्या वहीत त्यातल्या दोनच होत्या.

"पाणी प्या," मी म्हटलं.

"अन् मंग जाऊ कुठी? तुमच्या दुकानात?" एक बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

त्याचं उत्तर सुमित्राबाईने काढलं. या वर्षी काम ठरवताना तिने प्रत्येक मालकाला आधीच सांगितलं, चार बांबू धुऱ्यावर पायजे. जुन्या लुगड्यांचा आडोसा ती गाडीतून घेऊन जायची. एका मालकाने विचारलं, "हे काय नवीन?" ती म्हणाली, "तुमच्या घरात संडास आहे न भाऊ? तसंच समजा." दोन तासांनी हाक देऊन ती सगळ्यांना पाणी प्यायला लावायची. मी त्या आडोशाचं खूप कौतुक केलं, तर म्हणाली, "तुमी शिकलेल्या, तुमाले नाही सुचलं काय?" नाही सुचलं.

पुष्पाबाईला या वर्षी डॉक्टरांनी रोवणीला जाऊ दिलं, पण अटींवर. पाणी प्यायचं, दुखलं तर पॅरासिटामॉलच, आणि रोवणी संपली की आठ दिवसांत रक्ताची तपासणी. आकडा वाढलेला निघाला तर हे शेवटचं वर्ष. ती दीड महिना गेली. मी विचारत नव्हते, पण बाजाराच्या दिवशी तिचे पाय बघत होते.

सप्टेंबरात ती अहवाल घेऊन दुकानात आली. डॉक्टरांकडे जाण्याआधी माझ्याकडे. गर्दी होती. मी सगळ्यांना थांबवून कागद उघडला.

"तेवढाच आहे," मी म्हटलं. "जूनमध्ये होता तेवढाच. वाढला नाही."

"कमी?"

वर्षभर मी तिला म्हणत आले होते, होईल हळूहळू कमी. दर तपासणीला म्हणत होते. मी कागदाची घडी केली.

"कमी नाही झाला. आता होणारही नाही, पुष्पाबाई. मूत्रपिंडाचं गेलं तेवढं गेलं. उरलं तेवढं जपायचं. आणि त्यात माझी चूक आहे."

तिने कागद माझ्या हातातून घेतला आणि ब्लाउजमध्ये ठेवला.

"हे तं डॉक्टरनं मले मागच्या दिवाळीतच सांगतलं होतं," ती म्हणाली. "मी पाहून राहिली होती, तुमी कवा सांगता."